विंडोजची येणारी आवृत्ती व्हर्च्युअल मशीनमध्ये लावून बघायची आहे, सल्ला हवा (बजेट ३,००० रु.)

दहादिवसी
१२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

आमच्या फलटण भागात १४ दूध संकलन केंद्रांवर एक बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं. मेहुण्यानं २००९ साली व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, जुनी प्रोग्रामिंग भाषा) मध्ये लिहिलं, मग तो दुबईला गेला आणि देखभाल माझ्या गळ्यात आली. मी प्रोग्रामर नाही, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. फॅट मशीनचं रीडिंग सिरियल केबलनं आत येतं, दर लागतो, पावती निघते, दर दहा दिवसांनी पगारपत्रक. एवढंच काम.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा पाठिंबा संपला म्हणून दिवाळीत तीन केंद्रांनी नवीन पीसी घेतले. तिन्हींत ११ आहे. दोन ठिकाणी सुरळीत चालू. तिसऱ्या ठिकाणी क्लिक केलं की ‘रन-टाइम एरर ६२’ आणि खेळ खलास. कळलं कधी, तर दहा तारखेला रात्री, आणि सकाळी पगार. १८६ शेतकऱ्यांची बिलं वही उघडून कॅल्क्युलेटरवर केली, पहाटेचे तीन वाजले. चेअरमननी चहा पाजला, पण तोंड वाकडं करूनच.

आता ठरवलंय की पुढची विंडोज लोकांच्या पीसीवर यायच्या आत माझ्याकडं लावून बघायची. इनसायडर म्हणून जी आधी मिळते ती, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा पीसी), म्हणजे दुकानाचा पीसी बिघडायला नको. माझा पीसी: आय ५ सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी साधी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. खर्च ३,००० च्या वर जमणार नाही.

मशीन बनवायला व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही की व्हीएमवेअर? इनसायडरचा चॅनल (देव, कॅनरी, रिलीज प्रीव्ह्यू वगैरे) कोणता घ्यावा? आणि फॅट मशीनची केबल व्हर्च्युअल मशीनच्या आत दिसते का?

पेठकर
१२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

सहावी पिढी म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा पीसी. त्यावर विंडोज ११ चालतच नाही, कंपनीनंच सांगितलंय की आठव्या पिढीपासून पुढं. मी मागच्या महिन्यात लॅपटॉप घेतला, ३२ जीबी रॅम, ६८ हजार पडले. व्हर्च्युअल मशीन कसली, तीन-तीन एकदम उघडतो. एकदाच चांगली वस्तू घ्यावी माणसानं.

दहादिवसी
१२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बजेट वर लिहिलंय साहेब.

पेठकर
१२ नोव्हेंबर, रात्री १०:१७

ईएमआय असतो.

गोंदियाचा_गोंधळ
१२ नोव्हेंबर, रात्री १०:५१

भाऊ, इनसायडरच्या नादी लागू नका. मी मागं लॅपटॉप देव चॅनलला लावला होता. नवीन काय येते ते बघायची भारी हौस. महिन्यानं कंटाळा आला, म्हटलं परत साध्या विंडोजवर जाऊ. तर मागं जायचा रस्ताच नाही, सगळं पुसून नव्यानं टाका म्हणते. भाच्याच्या मुंजीचे फोटो त्याच लॅपटॉपात होते अन् बॅकअप घेतला नव्हता, चूक माझीच. बहीण अजून प्रत्येक राखीला ऐकवते.

दहादिवसी
१२ नोव्हेंबर, रात्री ११:०४

वाईट वाटलं भाऊ. पण म्हणूनच तर व्हर्च्युअल मशीनमध्ये लावणार आहे. आत काही झालं तरी बाहेरचा पीसी शाबूत राहतो ना?

गोंदियाचा_गोंधळ
१२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

राहते. मी फक्त सांगून राहिलो.

एडिसनकर
१३ नोव्हेंबर, सकाळी ७:२२

इकडे न्यू जर्सीत आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे मॅक. पॅरलल्स (मॅकवर विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की दहा मिनिटांत विंडोज ११ तयार, टीपीएमची (सुरक्षेची चिप) वगैरे कटकटच नाही. पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. एकदा वापरून बघा, परत पीसीकडे वळणार नाही.

खटपट्या_मिरज
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

एडिसनकर, तुमच्या एम सिरीजच्या मॅकवर जी विंडोज चालते ती आर्मची, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची. व्हीबी ६ चा प्रोग्राम तिथं अनुकरणातून चालेलही, पण सिरियल केबलचा ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो, इंटेलचा चालत नाही. म्हणजे तिथं पास झालेली परीक्षा फलटणच्या पीसीला लागू होत नाही. शिवाय मॅक ३,००० रुपयांत कुठं मिळतो तेही सांगा, मीपण घेतो एक.

धागाकर्ते, आता कामाचं.

पेठकरांचं अर्धं बरोबर. सहाव्या पिढीवर *थेट* ११ टाकायला कंपनीची मान्यता नाही. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकताना सेटअप प्रोसेसरच्या पिढीवरून अडत नाही. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, ते व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून (२०२२) सॉफ्टवेअरमधूनच मिळतं, तुमच्या मदरबोर्डवर टीपीएम नसला तरी. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी रॅम, २ कोर आणि ६४ जीबीची डिस्क द्या. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवा, म्हणजे जेवढं भरेल तेवढीच जागा खाईल.

त्याआधी बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाची सेटिंग्ज) जाऊन इंटेल व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीनसाठी प्रोसेसरमधली सोय) चालू आहे का बघा. बऱ्याच पीसीत बंदच असतं, आणि लोक दोन-दोन दिवस व्हर्च्युअलबॉक्सला शिव्या घालत बसतात. (मी तीन दिवस घातल्या होत्या.)

अजून एक. आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलीत) दाखवली की व्हर्च्युअलबॉक्स आपल्या मनानं इन्स्टॉल करायला घेतं. ‘स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’वर टिक करा. नाहीतर मध्येच लायसन्सच्या अटी सापडत नाहीत म्हणून अडतं.

३,००० मध्ये एकच गोष्ट घ्या, एसएसडी (वेगवान डिस्क). साध्या हार्ड डिस्कवर दोन विंडोज एकदम म्हणजे एका बैलाला दोन नांगर.

शेणगोळा
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:५८

+१ एसएसडी.

नळस्टॉप_सिग्नल
१३ नोव्हेंबर, सकाळी १०:११

एसएसडी घ्या. रॅम मात्र आत्ता घेऊ नका, भाव चढलेत.

पेठकर
१३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

म्हणूनच म्हणतो, लॅपटॉपबरोबर आलेली रॅम स्वस्त पडते.

लिनक्सवाले_काका
१३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

सगळे रोगाच्या लक्षणावर बोलताय, रोगावर कुणीच नाही. दूध सोसायटीला विंडोज हवंच कशाला? लिनक्स मिंट टाका, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीबी ६ मजेत चालतं. मी पेन्शनर माणूस, २०११ पासून घरात विंडोज नाही. बायकोसुद्धा मिंट वापरते.

शेणगोळा
१३ नोव्हेंबर, दुपारी १२:५२

काका, काकूंना कुणी विचारलं होतं का?

लिनक्सवाले_काका
१३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

तिला फक्त युट्यूब लागतं. ते सगळीकडे सारखंच.

दहादिवसी
१३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

काका, १४ केंद्रांवरची १४ माणसं माझ्या हाताखाली नाहीत. त्यातले दोन जण अजून मॉनिटर बंद करून ‘पीसी बंद केला’ म्हणतात. मिंट नको.

शुद्धमती
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:१६

विषय चांगला आहे, पण ‘व्हर्च्युअल मशीन’ला ‘आभासी यंत्र’ म्हणता येईल की! ‘चॅनल’ला ‘वाहिनी’.

नळस्टॉप_सिग्नल
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

आणि एरर ६२ ला? ‘प्रमाद बासष्ट’?

शुद्धमती
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:३१

चेष्टा करा खुशाल. ‘त्रुटी’ शब्द आहे.

रात्रपाळी_आयटी
१३ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४४

व्हर्च्युअलबॉक्स कशाला? विंडोज १० प्रो आहे ना, हायपर-व्ही आतच आहे, फुकट. ‘जनरेशन २’ची मशीन करा, सिक्युरिटीत जाऊन टीपीएमवर टिक करा, झालं. होम आवृत्तीत हे मिळत नाही, तुमच्याकडे प्रो आहे तर वापरा. आमच्या कंपनीत शेकड्यांनी चालतात.

दहादिवसी
१४ नोव्हेंबर, रात्री ८:१९

हायपर-व्ही चालू करून बघितलं. मशीन उठली, पण सिरियल केबल आत घ्यायचा पर्यायच सापडेना. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. आता त्यात इतकं हळू चालतंय की माउस हलवला की अर्ध्या मिनिटानं बाण हलतो. आणि खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसतंय. हे कासव काय आहे? चेष्टा करतंय का माझी?

खटपट्या_मिरज
१४ नोव्हेंबर, रात्री ८:४०

खरंच कासव आहे ते! हायपर-व्ही चालू असलं की प्रोसेसरची व्हीटी-एक्स सोय तेच अडवून बसतं. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत जावं लागतं, आणि तसं चाललंय हे सांगायला ते कासव दाखवतं. ‘विंडोज फीचर्स’मधून हायपर-व्ही काढा, ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’वरचीही टिक काढा, विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा. एवढं करून कासव हललं नाही तर अ‍ॅडमिनच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) बीसीडीएडिट कमांडनं हायपरवायजर लाँच टाइप ऑफ करा. मग रिस्टार्ट.

रात्रपाळी, हायपर-व्ही उत्तमच आहे, पण त्यात यूएसबीचं यंत्र सरळ आत देता येत नाही, आणि सिरियल पोर्ट म्हणजे फक्त नेम्ड पाइप, खरा पोर्ट नव्हे. फॅट मशीनला त्याचा काय उपयोग?

रात्रपाळी_आयटी
१४ नोव्हेंबर, रात्री ९:०२

सर्व्हरला फॅट मशीन कोण लावतं?

दहादिवसी
१४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मी.

कायद्याचंबोला
१४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी हवं तर एक्स्टेन्शन पॅक हा वेगळा जोडभाग लागतो, आणि तो धंद्यासाठी फुकट नाही. घरगुती वापराला फुकट. उद्या नोटीस आली तर म्हणू नका की सांगितलं नाही.

खटपट्या_मिरज
१४ नोव्हेंबर, रात्री ९:४८

लायसन्सचं बरोबर, यूएसबीचं जुनं झालं. ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आहेत. या कामाला एक्स्टेन्शन पॅक टाकायचाच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

कायद्याचंबोला
१४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

बरं. पण विंडोजचं लायसन्स? व्हर्च्युअल मशीनमधली विंडोज म्हणजे वेगळी विंडोज. तिला वेगळी की (अ‍ॅक्टिव्हेशनचा नंबर) लागते.

शेणगोळा
१४ नोव्हेंबर, रात्री १०:०१

की ऑनलाइन ४०० रुपयाला मिळते. मी घेतली होती. आठ महिने चालली, नंतर अ‍ॅक्टिव्हेट नाही म्हणायला लागली. ज्यानं विकली त्याचं दुकानच गायब.

कायद्याचंबोला
१४ नोव्हेंबर, रात्री १०:०४

४०० रुपयात खरी की मिळते असं वाटलं तरी कसं तुम्हाला?

शेणगोळा
१४ नोव्हेंबर, रात्री १०:०६

इंजिनिअर आहे मी, गरीब आहे.

मोफतखाते
१४ नोव्हेंबर, रात्री ११:१२

इनसायडरची आयएसओ टेलिग्रामवर मिळते, आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली. हवी तर सांगा.

चाचणीवाली
१४ नोव्हेंबर, रात्री ११:४०

मोफतखाते, कृपा करून नको. धागाकर्ते, आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या इनसायडर पानावरच घ्या. फुकट नोंदणी करून खात्यानं लॉगिन करायचं, आवृत्ती निवडली की चोवीस तास चालणारी लिंक मिळते.

मी नाशिकला एका कंपनीत बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचंच काम करते. या धाग्यावर तुमच्या पीसीवर भरपूर चर्चा झाली, पण *तुम्ही तपासणार काय* हे कुणी विचारलं नाही.

समजा इनसायडर लावली, सॉफ्टवेअर टाकलं आणि ते पडलं. कशामुळे पडलं? नवीन विंडोजमुळे, की व्हर्च्युअल मशीनमुळे? सांगता येणार नाही. म्हणून दोन मशीन करा. पहिलीत तुमची नेहमीची विंडोज १०, जिच्यावर सॉफ्टवेअर धडधाकट चालतं हे माहीत आहे. दुसरीत इनसायडर. दोन्हीवर एकच डेटाबेस, एकच दहा दिवसांचं पगारपत्रक. पहिलीत चाललं आणि दुसरीत पडलं तर दोष विंडोजचा. दोन्हीत पडलं तर दोष व्हर्च्युअल मशीनचा. एका वेळी एकच चालू ठेवायची, ८ जीबीत दोन उघडू नका.

चॅनल ‘रिलीज प्रीव्ह्यू’ घ्या. लोकांकडे महिन्या-दीड महिन्यात जे पोचणार असतं ते तिथं आधी येतं. कॅनरीत (सगळ्यात कच्चा चॅनल) जे दिसतं ते कधी बाहेर येईल, येईल की नाही, याचा काही भरवसा नसतो. बिल्डला, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीला, मुदतही असते, ‘विनव्हर’ टाइप केलं की तारीख दिसते. ती उलटली की मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायला लागते.

आणि हो, त्या तीन नव्या पीसींवर ‘विनव्हर’ टाइप करून आवृत्ती बघाल का? तिन्हीकडे ‘११’ असलं म्हणजे तिन्ही एकच असं नाही.

नळस्टॉप_सिग्नल
१४ नोव्हेंबर, रात्री ११:५२

ताईंशी सहमत. एसएसडी पण घ्या.

दहादिवसी
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:३३

ताई, सकाळच्या दुधाच्या वेळेला तिन्हीकडे फोन लावून बघायला सांगितलं. जी दोन चालतायत त्यांच्यावर २३एच२, म्हणजे २०२३ ची आवृत्ती. जी पडली तिच्यावर २५एच२, म्हणजे २०२५ ची. दुकानदारानं दोघांना जुना स्टॉक खपवला वाटतं.

चाचणीवाली
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

मग घाई करा. होम आणि प्रोवरच्या २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबरला, म्हणजे चार दिवसांपूर्वी संपली. ती दोन केंद्रंही आपोआप पुढं ढकलली जातील, आणि तुमचं पगारपत्रक वीस तारखेला आहे.

दहादिवसी
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:५२

आई शप्पथ.

फॉक्सप्रो_फॉरएव्हर
१५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

व्हीबी ६ वाल्यांचं असंच. आमचं फॉक्सप्रोमधलं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर १९९६ पासून चालू आहे. आता डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). मायक्रोसॉफ्टनं काही काढो, काही घालो, आम्हाला फरक पडत नाही. डॉट मॅट्रिक्सचा आवाज आला की सभासदाला कळतं पासबुक भरलं.

नळस्टॉप_सिग्नल
१५ नोव्हेंबर, सकाळी ११:४१

६४ बिट विंडोजनं १६ बिटचे प्रोग्राम कधीच सोडले, म्हणून डॉसबॉक्समध्ये जावं लागलं ना? म्हणजे फरक पडला की.

फॉक्सप्रो_फॉरएव्हर
१५ नोव्हेंबर, सकाळी ११:४४

आम्हाला नाही पडला. आमच्या मुलाला पडला, त्यानं बसवून दिलं.

आठ_बिट
१५ नोव्हेंबर, दुपारी २:०८

एरर ६२ म्हणजे ‘इनपुट पास्ट एंड ऑफ फाइल’. प्रोग्राम एखादी फाइल वाचायला गेला आणि ती रिकामी निघाली. फाइलच नसती तर एरर ५३ आला असता. म्हणजे फाइल तयार होतेय, पण आत काही नाही.

मेहुण्याला एक विचारा. सॉफ्टवेअर दुसऱ्या पीसीवर कॉपी करून चालू नये म्हणून कुलूप लावलंय का? आणि त्यासाठी मदरबोर्डचा नंबर ‘डब्ल्यूएमआयसी’ या कमांडनं टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन वाचतो का? त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राच्या सॉफ्टवेअरांत हेच कुलूप होतं, मीच दोन-तीन ठिकाणी लावलंय. २५एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं डब्ल्यूएमआयसी काढून टाकलं. कमांडच नाही म्हटल्यावर काळ्या खिडकीनं फाइल उघडली, लिहायला काही आलं नाही, रिकामीच बंद केली. तिथं तुमचा ६२.

चाचणीवाली
१५ नोव्हेंबर, दुपारी २:२०

वा! आणि मग कुलूप असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ते तसंही लागणार, कारण तिथं मदरबोर्डचा नंबर वेगळाच येतो. म्हणूनच पहिली, विंडोज १० वाली मशीन हवी.

पेठकर
१५ नोव्हेंबर, दुपारी २:४५

अहो, मग नवीन सॉफ्टवेअरच का घेत नाही? मोबाइल अ‍ॅपवाली आलीत आता. माझा साडू बनवतो.

आठ_बिट
१५ नोव्हेंबर, दुपारी ३:०१

दुरुस्ती मोठी नाही. व्हीबी ६ मधून डब्ल्यूएमआयला (पीसीची माहिती देणारी विंडोजची सोय) थेट विचारता येतं, मध्ये डब्ल्यूएमआयसीला दलाल म्हणून घालायची गरज नव्हती. दहा ओळींचं काम. मेहुण्याकडे सोर्स (मूळ कोड) आहे ना?

गोंदियाचा_गोंधळ
१५ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

बॅकअप घेतला असंन त्यानं, अशी आशा करू.

केबलवाला_इचलकरंजी
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

केबलबद्दल कुणी बोललंच नाही. माझा वजनकाटे आणि फॅट मशीन जोडून द्यायचा धंदा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये केबल आत न्यायचे दोन रस्ते. एक, सेटिंग्जमधल्या सिरियल पोर्टवर ‘होस्ट डिव्हाइस’ निवडून बाहेरचा कॉम नंबर द्यायचा, माझ्याकडं बहुतेक कॉम ३ असतो. दुसरा, यूएसबी फिल्टर लावून अख्खी केबलच आत सोडायची. पहिला सोपा, पहिल्या फटक्यात चालतो. पण तुमच्या कामाला दुसराच लावा.

का ते सांगतो. यूएसबी-सिरियल केबलीत एक चिप असते. स्वस्त केबलींत जुन्या नाहीतर नकली चिपा आहेत. विंडोज १० वर जुना ड्रायव्हर बसलेला असतो म्हणून चालतात. ११ वर नवा ड्रायव्हर आला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि नावाच्या जागी चक्क लिहून येतं की ही चिप २०१२ पासून बंद झाली, विकणाऱ्याला विचारा. पहिल्या रस्त्यानं गेलात तर केबलचा ड्रायव्हर बाहेरची विंडोज १० सांभाळते, आत नुसता साधा पोर्ट दिसतो. सगळं हिरवंगार दिसंल, आणि केंद्रावर गेलात की तोंडघशी.

चाचणीवाली
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०५

हे मलाही सुचलं नसतं. वाचनखूण साठवली.

पेठकर
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

ब्लूटूथ फॅट मशीन मिळतं आता.

सावंतवाडीकर
१५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

स्नॅपशॉटबद्दल एक (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, तिथं परत जाता येतं). मला त्याची इतकी चटक लागली होती की प्रत्येक अपडेटच्या आधी एक घ्यायचो. बारा झाले. एके दिवशी मशीन आपोआप ‘पॉज’ झाली, डिस्क भरली म्हणून. मी हुशारी केली. फोल्डरमध्ये जाऊन मोठमोठ्या जुन्या फाइली हातानं उडवल्या. पुढचा प्रत्येक स्नॅपशॉट मागच्या फाइलीवर उभा असतो हे नंतर कळलं. बाराच्या बारा गेले. उडवायचेच तर व्हर्च्युअलबॉक्सच्या आतून उडवा, आणि दोनच्या वर ठेवू नका. शिवाय स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, पीसीची हार्ड डिस्क गेली की तोही गेला.

शेणगोळा
१५ नोव्हेंबर, रात्री १०:२१

म्हणून एसएसडी घ्या.

सावंतवाडीकर
१५ नोव्हेंबर, रात्री १०:२३

एसएसडीचा इथे काय संबंध?

शेणगोळा
१५ नोव्हेंबर, रात्री १०:२४

सगळीकडे असतो.

दहादिवसी
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

मंडळी, चार दिवस गायब होतो. काय केलं ते सांगतो, शिव्या घालू नका.

एसएसडी घेतली नाही. चॅनल कॅनरीच घेतला. ताई, तुमचं म्हणणं पटलं, पण रिलीज प्रीव्ह्यूत जे येणार ते तर माझ्या तिसऱ्या केंद्रावर येऊन बसलंच आहे. मला त्याच्याही पुढचं बघायचंय. नाही आलं बाहेर तर नाही आलं, माझं काय गेलं?

साध्या हार्ड डिस्कवर विंडोज चढायला पावणेतीन तास लागले. सुरू करून दिलं आणि संध्याकाळच्या दुधाला केंद्रावर जाऊन आलो. परत येऊन बघतो तर भाषा विचारून थांबलेलं. कासव मात्र गेलं, मिरजकर, तुमचे उपकार.

विंडोज १० वाल्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर उघडलं, ‘हे मशीन नोंदणीकृत नाही’ म्हणून बंद झालं. कॅनरीत एरर ६२. म्हणजे आठ_बिट यांनी सांगितलं ते तंतोतंत. मेहुण्याला दुबईला फोन लावला. तो आधी पाच मिनिटं हसला, मग म्हणाला, “दाजी, ते कुलूप मी पंचवीसाव्या वर्षी लावलं होतं. तेव्हा वाटायचं अख्खा जिल्हा आपलं सॉफ्टवेअर चोरणार.” सोर्स त्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर होता, आणि ती हार्ड डिस्क आमच्याच माळ्यावर, सासूबाईंच्या पापडाच्या डब्याखाली. डिस्क पीसीला लावून फोल्डर त्याला पाठवला. त्यानं दहा ओळी लिहिल्याच नाहीत. कुलूपच काढून टाकलं आणि रात्री नवीन एक्सई (प्रोग्रामची फाइल) पाठवली.

आठ_बिट
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:४१

कुलूपच काढलं? मग उद्या कुणीही कॉपी करून वापरेल!

दहादिवसी
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:४८

वापरू दे. वापरला तर फोन मलाच करणार ना.

नवी एक्सई दोन्ही मशीनवर टाकली. शेतकऱ्यांची नावं आधी एबीसीडीची खिचडी दिसत होती. तो जुना मराठी फॉन्ट टाकल्यावर नीट झाली. आत्ता दुपारी १ ते १० तारखेचं पगारपत्रक दोन्हीकडं काढलं आणि हातानं केलेल्या वहीशी ताडून बघितलं. कॅनरीतलं आणि विंडोज १० मधलं पैशापर्यंत सारखं. वहीत मात्र चार जणांचं चुकलेलं निघालं, ते माझं, पहाटे दोन-अडीचच्या सुमाराचं असणार. एकाला ३१२ रुपये जास्त गेलेत. तो आता ते परत देईल असं वाटत नाही.

केबल यूएसबी फिल्टरनं आत सोडली. इचलकरंजीकर म्हणाले तसाच पिवळा त्रिकोण. मग १४ केंद्रांवर फोन करून केबलचे फोटो मागवले. सहा ठिकाणी तसलीच दिसतेय. तर ३,००० तिकडं गेले, चांगल्या चिपच्या चार केबली आल्या, उरलेल्या दोन पुढच्या पगाराला.

आज रात्री तिन्ही नव्या पीसींवर एक्सई टाकून येतो.

केबलवाला_इचलकरंजी
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१०

कुठून घेतल्या? माझ्याकडं मागितल्या असत्या तर पोचवल्या असत्या.

दहादिवसी
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१४

उरलेल्या दोन तुमच्याकडूनच. फोन नंबर इथं टाकू नका, व्यक्तिगत निरोप करा.

चाचणीवाली
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२०

कॅनरी घेतलीत तर घेतलीत, पण विंडोज १० वाल्या मशीनचा एक स्नॅपशॉट आजच घेऊन ठेवा, नव्या एक्सईसकट. पुढच्या वेळी तुलनेला तोच लागेल. आणि कॅनरीची मुदत कधीची आहे?

दहादिवसी
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२६

बघतो ताई. आत्ता ती बंद केलीय, दुकानात पीकविम्याचे फॉर्म भरायला गर्दी आहे आणि ती चालू असली की प्रिंट निघत नाही.

नळस्टॉप_सिग्नल
१९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३३

एसएसडी असती तर निघाली असती.

दहादिवसी
२० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

तिन्हीकडं पगारपत्रक निघालं. एका पीसीवर रात्रीतच २५एच२ येऊन बसलं होतं, कुणाला पत्ताही नाही. चेअरमननी चहा पाजला. साखर विसरले.